वर्षभरातल्या नव्या बोर्ड गेम्समधून आपले फेव्हरिट कसे निवडायचे

वर्ष संपत आलं की सगळीकडे याद्या यायला लागतात, टॉप टेन, टॉप ट्वेंटी, आणि त्यातल्या निम्म्या गेम्सची नावंसुद्धा आपण ऐकलेली नसतात. त्याने अजिबात दडपून जाऊ नका. जर्मनीत एसेन शहरात दर ऑक्टोबरला श्पील नावाची मोठी जत्रा भरते, १९८३ पासून भरतेय, आणि हल्ली त्या एकट्या जत्रेतच हजाराहून जास्त नवे गेम्स मांडलेले असतात. म्हणजे रोज तीन नवे गेम्स खेळत बसलात तरी एका जत्रेचा माल संपायला वर्ष जवळजवळ सरेल, आणि एकेक गेम फक्त एकदाच खेळून होईल. त्यामुळे "या वर्षीचे सगळे खेळून मग ठरवतो" हे कोणालाच जमत नाही, ज्यांचा हा पोटापाण्याचा धंदा आहे त्यांनाही नाही.

मग आपण नक्की काय निवडतोय? सगळ्यात चांगला गेम कुठला हे ज्युरीवाले ठरवतील, ते काम त्यांचं. आपल्याला एवढंच शोधायचंय की आपण जे खेळलो त्यातले कुठले गेम्स, त्यांचं नवेपण उतरल्यावरही, आपण आपल्या माणसांसोबत परत टेबलावर काढणार. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, की फेव्हरिट हा दुसऱ्या-तिसऱ्या डावात ठरतो, बॉक्स उघडताना नाही आणि व्हिडिओ बघताना तर नाहीच. खाली जे काही लिहिलंय ते त्या तिसऱ्या डावापर्यंत नीट कसं पोचायचं आणि पोचल्यावर काय बघायचं याबद्दल आहे.

आधी "या वर्षीचा" म्हणजे काय ते ठरवून टाका

हे ऐकायला किरकोळ वाटतं पण इथे भरपूर घोळ होतो. फारअवे हा गेम घ्या, तो आला २०२३ मध्ये, पण जर्मनीच्या श्पील देस यारेस पुरस्कारांत, त्यातल्या जरा मुरलेल्या खेळाडूंसाठीच्या केनरश्पील गटात, त्याचं नामांकन झालं २०२५ ला, कारण ती ज्युरी जर्मन भाषेतली आवृत्ती बाजारात कधी आली ते बघते. स्काय टीमसुद्धा २०२३ चा आणि श्पील देस यारेस मिळालं २०२४ ला. कास्केडिया २०२१ चा, पुरस्कार २०२२ चा. क्राउडफंडिंगवाल्या, म्हणजे लोकांकडून आधी पैसे गोळा करून मग बनवल्या जाणाऱ्या गेम्सचं तर विचारूच नका, फ्रॉस्टहेवनला लोकांनी पैसे दिले २०२० मध्ये आणि बॉक्स हातात पडायला दोन-तीन वर्षं गेली, मग तो कुठल्या वर्षाचा धरायचा?

माझा नियम साधा आहे, बोर्डगेमगीक या साइटवर गेमच्या नावाखाली जे वर्ष दिलेलं असतं ते धरायचं, आणि एखादा गेम माझ्या हातात त्याच्या पुढच्या वर्षी आला तर त्याला वेगळ्या "उशिरा भेटलेले" यादीत टाकायचं. तुम्ही वेगळा नियम करा हवं तर, "मी या वर्षी पहिल्यांदा खेळलो ते सगळे" हाही एकदम चांगला नियम आहे, खरं तर घरगुती ग्रुपसाठी तोच जास्त प्रामाणिक. फक्त एक नियम घ्या आणि वर्षाच्या शेवटी आवडत्या गेमला आत घुसवायला तो वाकवू नका.

एक्सपान्शन, म्हणजे आधीच्या गेमला जोडायचे जादा भाग, आणि जुन्या गेमच्या नव्या आवृत्त्या मी बाहेर ठेवतो. पण जुन्या गेमच्या पायावर उभा केलेला नवा गेम आत. २०२४ चा विर्मस्पॅन हा एलिझाबेथ हारग्रेव्हच्या विंगस्पॅनवरूनच आलाय, पक्ष्यांच्या जागी ड्रॅगन आलेत, पण आधी गुहा खणायची आणि मगच ड्रॅगन बसवायचा या एका बदलाने चालींचा हिशोब इतका बदलतो की तो वेगळा गेम म्हणून मोजायलाच हवा. मी हाच निकष लावतो, जुना गेम येणाऱ्याला नव्याने विचार करावा लागतो का? लागत असेल तर नवा.

हजारातून पंधरा-वीस कसे गाळायचे

वर्षात पंधरा ते वीस नवे गेम्स नीट खेळून झाले तर यादी करायला भरपूर झालं. दहासुद्धा चालतील. पण ते दहा कुठले यावर सगळं अवलंबून आहे, कारण जो गेम खेळलाच नाही तो फेव्हरिट होऊ शकत नाही.

पहिली चाळणी, आपली माणसं. तुम्ही बहुतेक वेळा किती जण खेळता, किती वेळ असतो, आणि त्यातलं कोण नियम ऐकताना पंधराव्या मिनिटाला मोबाइल काढतं. ही माहिती कुठल्याच साइटवर मिळत नाही आणि हीच सगळ्यात कामाची. दोघंच खेळणारे असाल तर बॉक्सवर २ ते ५ लिहिलंय म्हणून भुलू नका, बोर्डगेमगीकवर प्रत्येक गेमच्या पानावर लोकांनी मतं दिलेली असतात की कितीजणांत बेस्ट आणि कितीजणांत नुसता चालतो, ते आधी बघा. बॉक्सवरचा आकडा विकणाऱ्याने लिहिलेला असतो, हा आकडा खेळणाऱ्यांचा.

दुसरी चाळणी, वेट. त्याच साइटवर १ ते ५ मध्ये गेम किती अवघड आहे ते दिलेलं असतं, लोकांनीच दिलेलं. दीडच्या आसपासचा असेल तर नियम पाच-दहा मिनिटांत सांगून होतात, साडेतीनच्या पुढे गेला की संध्याकाळ द्यावी लागते. तुमच्या ग्रुपची मजल अडीचपर्यंत असेल तर पावणेचारचा गेम कितीही गाजलेला असू दे, तो तिसऱ्या डावापर्यंत पोचणारच नाही, मग त्याला यादीच्या शर्यतीत घेऊन काय उपयोग.

आता रेटिंगबद्दल जरा सविस्तर, कारण लोक इथे फसतात. बोर्डगेमगीकवर दोन आकडे असतात, एक साधी सरासरी आणि दुसरा रँकिंगसाठीचा. रँकिंगचा आकडा काढताना ते प्रत्येक गेमच्या खऱ्या मतांत मधल्या किमतीची काही कृत्रिम मतं मिसळतात, म्हणजे चाळीस लोकांनी दहापैकी दहा दिले म्हणून एखादा गेम थेट डोक्यावर जाऊन बसत नाही. हे चांगलंच आहे, पण त्यामुळे नवीन गेम, मतं कमी असल्याने, रँकिंगमध्ये सुरुवातीला खाली दिसतो. आणि साधी सरासरी सुरुवातीला फुगलेली असते, कारण पहिली मतं देणारे कोण, तर वाट बघत बसलेले, आधीच पैसे भरलेले लोक, त्यांना तो आवडायचाच असतो. दोन्हीकडून चित्र धूसर. शिवाय एकंदरीत अवघड गेम्सना तिथे जास्त मार्क मिळतात, कारण ते मुळात आवड असलेलेच लोक खेळतात. २०२३ मध्ये ब्रास: बर्मिंगहॅम पहिल्या नंबरवर आला, त्याआधी कितीतरी वर्षं ग्लूमहेवन होता, दोन्ही चांगलेच जड गेम्स आहेत. हलकाफुलका गेम त्या यादीत खाली दिसला तर त्याचा अर्थ तो वाईट आहे असा होत नाही. मी तर नव्या गेमचा आकडा बघतच नाही, खाली स्क्रोल करून सहा किंवा सात देणाऱ्यांच्या कमेंट वाचतो. दहा देणारा नुसता खूश असतो, दोन देणारा नुसता चिडलेला, सहा-सातवाला मात्र काय जमलंय आणि काय नाही ते नेमकं सांगतो.

पुरस्कारांची नामांकनं उपयोगी पडतात, विशेषतः श्पील देस यारेसची. १९७९ पासून देतायत, २००१ पासून लहान मुलांच्या गेमसाठी वेगळा पुरस्कार आहे आणि २०११ पासून केनरश्पील. मे-जूनमध्ये नामांकनं येतात आणि जुलैत निकाल. विजेत्यापेक्षा मी नामांकनं आणि सोबतची शिफारस यादी जास्त बघतो, कारण ज्युरीला असा गेम हवा असतो जो कुठल्याही घरात चालेल, आणि आपलं घर कुठलंही घर नसतं, आपल्याला काय चालतं ते आपल्याला माहीत असतं.

अजून एक, रूलबुक डाऊनलोड करून वाचा. बहुतेक पब्लिशर पीडीएफ ठेवतातच. दहा मिनिटं वाचलं की कळतं, माझ्या पाळीला मी नक्की काय करणार आहे? पत्ता उचलणार, टोकन ठेवणार, की आठ पर्यायांपैकी दोन निवडून त्यांचे परिणाम पुढच्या तीन फेऱ्यांपर्यंत मोजणार? थीम कितीही गोड असली तरी शेवटी तुम्ही तासभर हेच करणार असता.

पहिल्या डावात फक्त गेम शिकून होतो

हे मनात पक्कं ठेवा. पहिल्या डावाला मार्क देऊ नका, विशेषतः एका तासाच्या वरचा गेम असेल तर. पहिल्या डावात निम्मं लक्ष "आता कोणाची पाळी" आणि "हे चिन्ह म्हणजे काय" यात जातं.

फारअवेचं उदाहरण देतो कारण हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसत नाही. आठ फेऱ्या, दर फेरीला सगळे एकदम एकेक पत्ता समोर डावीकडून उजवीकडे मांडत जातात. म्हणजे प्रवास झाला. आता परतीचा प्रवास, सगळे पत्ते उलटे टाकायचे आणि शेवटच्या पत्त्यापासून मागे मागे एकेक उघडत गुण मोजायचे, आणि पत्त्याला गुण फक्त तेवढ्याच गोष्टींचे मिळतात ज्या त्या क्षणाला उघड्या आहेत. म्हणजे सगळ्यात शेवटी मांडलेला पत्ता सगळ्यात आधी मोजला जातो, तेव्हा आधी मांडलेले सात पत्ते उलटेच असतात, तर त्याच्यावर "चार दगड असतील तर इतके गुण" असं असेल तर बहुतेक शून्य. आणि पहिला मांडलेला पत्ता सगळ्यात शेवटी मोजतात, तेव्हा सगळं उघडं. नियम सांगताना सगळे मान डोलावतात, "हो हो समजलं", आणि पहिल्या डावाच्या मोजणीत जवळजवळ प्रत्येकाचे दोन-तीन पत्ते कोरडे जातात. त्या डावावरून कोणी म्हणालं "नाही आवडला, नशिबाचा खेळ आहे" तर त्यात त्याची चूक नाही, पण ते मत गेमबद्दलचं नाहीये अजून. दुसऱ्या डावात तोच माणूस पहिल्याच फेरीला अवघड अटीचा, भरपूर गुणांचा पत्ता टाकतो आणि मग पुढच्या सात फेऱ्या त्याची अट पुरी करायच्या मागे लागतो, आणि तिथून खरा गेम सुरू होतो.

उलटंही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. काही गेम्स पहिल्याच डावात सगळं देऊन टाकतात. सुंदर तुकडे, एक भन्नाट युक्ती, सगळे खूश, आणि तिसऱ्या डावात लक्षात येतं की प्रत्येक वेळी तीच चाल चांगली असते. असे गेम्स वर्षअखेरीच्या याद्यांत खूप असतात कारण यादी करणाऱ्याने तो एकदाच खेळलेला असतो. म्हणून माझी अट, वीस मिनिटांचा गेम निदान पाच-सहा वेळा, तासाभराचा तीन वेळा, आणि तीन तासांचा असेल तर दोनदा तरी. दोनदा जमला नाही तर तो "अजून ठरायचंय" मध्ये जाईल.

आणि तीन डाव म्हणजे एकाच तिघांसोबत तीन नव्हे. जमेल तर भिडू बदला, संख्या बदला. हार्मनीज दोघांत खेळलात तर समोरच्याला कुठले ठोकळे हवेत ते ओळखून कुरघोडी करता येते, चौघांत तुमची पाळी येईपर्यंत मधला फळा पार बदललेला असतो, मग आधी ठरवून काही उपयोग नसतो. दोन्ही चांगलं, पण दोन वेगळे अनुभव आहेत, आणि तुमच्याकडे बहुतेक वेळा जो घडणार आहे त्याचंच मत धरा.

को-ऑप गेम्समध्ये, म्हणजे जिथे सगळे एकाच बाजूने मिळून खेळतात, एक गोष्ट मुद्दाम तपासा, एकच माणूस सगळ्यांना "तू हे कर, तू ते कर" सांगतो का. सांगू शकत असेल तर गेम पाचजणांचा नसून एकट्याचा आहे आणि बाकीचे त्याचे हात आहेत. स्काय टीमने हा प्रश्न फार छान सोडवलाय. पायलट आणि को-पायलट, दोघांत विमान उतरवायचं. फासे टाकायच्या आधी हवं तेवढं बोला, पण एकदा प्रत्येकाने आपले चार फासे पडद्यामागे टाकले की तोंडं बंद. मग आळीपाळीने एकेक फासा ठेवायचा. दोघांचे विमान सरळ ठेवायचे फासे सारखे नसतील तर जेवढा फरक तेवढं विमान कलतं. तुमच्याकडे सहा आहे, समोरच्याने दोन ठेवलाय, आणि तो तुमच्याकडे बघतोय आणि तुम्ही काही म्हणजे काहीच बोलू शकत नाही. वीसेक मिनिटांच्या गेममध्ये एवढा ताण मी क्वचित बघितलाय, आणि उतरलं विमान की दोघंही एकदम बोलायला लागतात, मघाशी तू तो तीन तिथे का ठेवलास, मला वाटलं तू इंजिनसाठी ठेवशील. गेम संपल्यावर लोक गेमबद्दल बोलतात का, हे मी सगळ्यात भरवशाचं लक्षण मानतो. बॉक्स भरता भरता चर्चा चालू असेल तर गेमने काहीतरी केलंय. सगळे गप टोकन गोळा करतायत तर समजून जा.

डाव संपल्या संपल्या काय लिहून ठेवायचं

लिहून ठेवा, खरंच. डिसेंबरमध्ये मार्चचा गेम आठवत नाही, आणि डोकं नेहमी शेवटच्या दोन महिन्यांतल्या गेम्सनाच झुकतं माप देतं. बीजी स्टॅट्ससारखं डावांची नोंद ठेवणारं ॲप वापरा नाहीतर साधी वही, काही फरक पडत नाही. तारीख, कोण कोण होतं, किती वेळ लागला सेटअपसकट, कोण जिंकलं. याच्या खाली दोन ओळी. एक, कुठल्या क्षणी मजा आली, नेमका क्षण. "मजा आली" हे लिहून उपयोग नाही, "मला सात पाहिजे होता आणि तिने तो मुद्दाम उचलला" असं लिहा. दुसरी ओळ, कुठे कंटाळा आला किंवा अडलं. पाळीची वाट बघताना? नियम परत परत बघावे लागले? शेवटची फेरी नुसती आकडेमोड होती? आणि तुम्ही हरलात की जिंकलात ते लिहिलेलं असेल तर एक पडताळाही होतो, जे गेम्स तुम्हाला आवडलेत असं वाटतंय ते सगळे तुम्ही जिंकलेलेच आहेत का ते बघा. हरूनही परत काढावासा वाटलेला गेम हा पक्का उमेदवार.

जमलं तर बाकीच्यांनाही एकच प्रश्न विचारा, "आवडला का" नको, त्याचं उत्तर लोक भिडेखातर हो देतात. "पुढच्या वेळी हाच काढू की दुसरा?" असं विचारा. उत्तर येईपर्यंत किती वेळ लागतो तेही उत्तरच आहे.

तुकड्यांच्या देखणेपणाला किती भाव द्यायचा? माझ्या मते कमी. जाड पुठ्ठा, लाकडी प्राणी, छापील चुंबकी बॉक्स हे पहिल्या संध्याकाळी दिसतं, नंतर डोळ्यांना सवय होते. पण एक बाजू नक्की बघा, डिझाइन वाचता येतं का, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्याला पत्त्यावरचं चिन्ह कळतं का, रंगांधळ्या माणसाला दोन ठोकळे वेगळे दिसतात का. तो सजावटीचा भाग नाही, त्यावर खेळणं अवलंबून आहे.

क्रम लावताना मार्क देऊ नका

आता हातात पंधराएक गेम्स आणि टिपणं आहेत. इथे बहुतेक लोक प्रत्येक गेमला दहापैकी मार्क द्यायला बसतात आणि मग सगळ्यांना आठ, साडेआठ पडतात आणि काहीच ठरत नाही. त्याऐवजी जोड्या लावा. दोन गेम्स समोर घ्या आणि विचारा, आज संध्याकाळी माझ्या नेहमीच्या माणसांसोबत यातला एकच खेळता येणार आहे, कुठला? पटकन उत्तर द्या. जिंकलेला वर. मग पुढचा गेम घ्या, त्याची यादीतल्या मधल्या गेमशी तुलना करा, तिथून वर किंवा खाली सरकवत त्याची जागा शोधा. पंधरा गेम्सना चाळीस-पन्नास तुलना पुरतात. हे आपोआप करून देणारी टूल्सही ऑनलाइन आहेत, पण चिठ्ठ्यांवर नावं लिहून टेबलावर सरकवणं जास्त बरं पडतं, सगळी यादी एकदम डोळ्यासमोर राहते.

अडचण तिथे येते जिथे दोन गेम्स एका तराजूत बसतच नाहीत. फ्लिप ७ आणि आर्क्स, दोन्ही २०२४ चे. फ्लिप ७ मध्ये पत्ते उलटत जायचं, तोच आकडा परत आला की त्या फेरीचं सगळं गेलं, सात वेगळे आकडे जमले तर वर पंधरा गुण, दोनशेला पहिला पोचला तो गेम संपवतो. आणि डेकमध्ये बारा नंबरचे बारा पत्ते, अकराचे अकरा, असे आहेत, म्हणजे मोठा आकडा मिळाला की आनंद आणि धास्ती एकदमच. एका मिनिटात शिकवून होतो. आर्क्समध्ये अंतराळातलं राजकारण, पत्त्यांचे हात केल्यासारख्या चाली, आणि या फेरीत गुण कशाला मिळणार हेच खेळाडू खेळता खेळता जाहीर करतात, त्यामुळे चांगला हात आलाय असं वाटेपर्यंत समोरचा सगळा भाव बदलून टाकतो. यांची तुलना करू नका. संध्याकाळचे प्रकार करा, दहा मिनिटं आहेत आणि सहाजण उभे आहेत, दोघंच आहोत, चौघं आहोत आणि तास-दीड तास आहे, सगळी दुपार मोकळी आहे. प्रत्येक प्रकारात पहिला कोण ते काढा. मग त्या पहिल्यांची एकमेकांत जोडी लावताना प्रश्न बदला, यातला कुठला गेम माझ्या कपाटातून गेला तर मला जास्त चुटपुट लागेल? या प्रश्नाला डोकं खोटं बोलत नाही असा माझा अनुभव आहे.

उदाहरण म्हणून माझे २०२४ चे पहिले तीन सांगतो. एक नंबर, बॉम्ब बस्टर्स, ज्याला पुढे २०२५ चा श्पील देस यारेस मिळाला. प्रत्येकाच्या समोरच्या पट्टीवर तारांचे ठोकळे चढत्या क्रमाने, फक्त त्यालाच दिसणारे. आपल्याकडे जो आकडा आहे तोच दुसऱ्याच्या पट्टीवर कुठे असेल ते बोट दाखवून सांगायचं, बरोबर आलं तर दोन्ही तारा कापल्या, चुकलं तर स्फोट एक पाऊल जवळ, आणि लाल तारेवर बोट ठेवलं तर सगळंच संपलं. बोलायची परवानगी नाही पण कोणी कुठल्या तारेकडे बोट केलं आणि कुठल्याकडे नाही केलं यावरून इतकं कळतं की शांततेतच गप्पा चालू असतात. ६६ मोहिमा आहेत आणि दर थोड्या मोहिमांनी काहीतरी नवीन मिसळतं, म्हणून तिसरा डाव सोडाच, तो संपतच नाही. आणि हा गेम मी ज्यांच्यासोबत काढला ते सगळेच परत मागतात, कधीच न खेळणारेही आणि मुरलेलेही.

दोन नंबर, सेटी. जड गेम आहे, पूर्ण संध्याकाळ लागते, नियम सांगायला धीर लागतो. पण सौरमाला गोल चकत्यांवर आहे आणि त्या चकत्या फिरतात, म्हणजे यान सोडताना जो मंगळ एका उडीवर होता तो मधेच चकती फिरली की लांब गेलेला असतो, आणि खेळाच्या मध्यावर परग्रहवासी सापडतात, दर डावात दोन जाती, आणि ज्या सापडतील त्यांच्याप्रमाणे त्या डावाचा पुढचा भाग वळतो. परग्रहवासींच्या झाकलेल्या पानाआड काय आहे ते उघडायच्या वेळी सगळं टेबल पुढे झुकतं. तीन नंबर, कॅसल कॉम्बो, नऊ पाळ्या, नऊ पत्ते, तीन बाय तीनचा चौकोन, बस. छोटा बॉक्स आणि छोटा वेळ, पण प्रत्येक पत्त्याला शेजारी कोण हवं यावरून डोकं छान तापतं. हार्मनीज चौथा. तो सुंदर आहे आणि मला मनापासून आवडतो, पण आमच्याकडे त्याच धाटणीचा कास्केडिया आधीपासून आहे आणि शांत संध्याकाळी हात अजूनही त्याच्याकडेच जातो, आणि वर जो प्रश्न सांगितला तो विचारला की हार्मनीज तिथे अडतो. तुमच्याकडे कास्केडिया नसेल तर तो सहज पहिल्या दोनांत येईल. फेव्हरिट ठरताना आधीचं कपाटही मोजलं जातं, ते असंच.

यादी सांगताना

दुसऱ्या कोणाला यादी देणार असाल तर नावांपेक्षा पुढच्या गोष्टी जास्त उपयोगाच्या. किती वेळा खेळलात, कितीजणांत, आणि एक ओळ की का. आणि एक ओळ की काय खटकतं. बॉम्ब बस्टर्सच्या बाबतीत ती ओळ अशी, सुरुवातीच्या शिकवणीच्या मोहिमा मुरलेल्या लोकांना सोप्या वाटतील, थोडा धीर धरा. सेटीच्या बाबतीत, विचार करत बसणारे भिडू असतील तर चौघांत खेळूच नका, पाळीची वाट बघून जीव जातो. गेम पब्लिशरकडून फुकट आला असेल, किंवा बनवणाऱ्याशी ओळख असेल, तर तेही सांगा, लोक तेवढं समजून घेतात. आणि न खेळलेल्यांची छोटी यादी शेवटी द्याच, "हे अजून व्हायचेत", म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की एखादं गाजलेलं नाव तुम्ही नाकारलंय की तुमच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

यादी डिसेंबरमध्येच करायची घाई करू नका असं मी सांगेन. एसेनचे गेम्स ऑक्टोबरमध्ये येतात, त्यातले बरेचसे सगळीकडे मिळायला पुढचं वर्ष उजाडतं, आणि ज्यांचे तीन डाव झालेच नाहीत त्यांच्यावर अन्याय होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. आणि त्यानंतर सहाएक महिन्यांनी टिपणं उघडून बघा की पहिल्या पाचांतले कुठले गेम यादी केल्यानंतर एकदाही टेबलावर आले नाहीत. त्यांना खाली ढकला, जे न सांगता परत परत निघाले त्यांना वर घ्या, आणि बदललेल्या क्रमाशेजारी तारीख टाका.